अरबी समुद्राखालची गोधडी

२४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात मोठा भूकंप झाला आणि थोड्याच वेळात ग्वादरच्या किनाऱ्यासमोर समुद्रातून एक नवे बेट वर आले. लोकांनी त्याला ‘जलजला कोह’, म्हणजे भूकंपाचा डोंगर, असे नाव दिले. बेट चिखलाचे होते आणि त्याच्या भेगांतून मिथेन वायू निघत होता. तीन-चार वर्षांत लाटांनी ते झिजवून टाकले.

हा चिखल आला कुठून? पाकिस्तान आणि इराणच्या त्या दक्षिण किनाऱ्याला मकरान म्हणतात. तेथे अरबी समुद्राचा तळ दरवर्षी काही सेंटीमीटर उत्तरेकडच्या जमिनीखाली सरकतो. या तळावर सुमारे सात किलोमीटर जाडीचा गाळ साचला आहे. ओले कापड पिळावे तसा हा गाळ पिळला जातो आणि त्यातले पाणी व वायू भेगांतून वर येतात. हादरा बसला की कोंडलेला वायू चिखलासह उसळतो.

वर येणारा मिथेन थंड समुद्रतळाखाली पाण्याबरोबर बर्फासारखा गोठतो. आणखी खोलवर उष्णता वाढते, तेथे हा बर्फ टिकत नाही. ही सीमा किती खोल आहे, हे जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरींनी कळते आणि त्यावरून तळातून किती उष्णता वर येते याचा हिशेब मांडता येतो.

या हिशेबाला महत्त्व आहे. दोन भूभागांमधील सांधा फार थंड असेल तर तेथील मऊ गाळ सहसा गुपचूप सरकतो. सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र सांधा घट्ट अडकू शकतो. मग ताण साचतो आणि एके दिवशी सुटतो. मकरानला जाड गाळ गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे सांधा समुद्राच्या बाजूलाही गरम असावा आणि अडकणारा भाग बराच रुंद असावा, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला. भाग जितका रुंद, तितका संभाव्य भूकंप मोठा.

हे संकट आपल्यापासून दूर नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानला सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांनी त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि येथेही माणसे दगावली.

पुढचा भूकंप कधी होईल, हे उष्णता मोजून सांगता येत नाही. पण मधले काही तास आपल्या हाती असतात. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेतील केंद्र २००७ पासून त्सुनामीचा इशारा देते. कोकण किनाऱ्यावरील आपल्या घरांत मुलांना आणि वडीलधाऱ्यांना एवढे जरूर सांगून ठेवू या: इशारा मिळाला किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर बघायला थांबू नका, उंच जागी जा. पहिल्या लाटेनंतर लगेच परतू नका, कारण नंतरची लाट अधिक मोठी असू शकते.