ऊस वाहतुकीची गाडी आणि मालकाची जबाबदारी



बॉयलर पेटला, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की बेंबळीच्या रस्त्याचे रूप पालटते. एरवी या रस्त्याला एस.टी., जीपगाड्या आणि मोटारसायकली. हंगामात मात्र रात्रभर ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलगाड्या. यांतल्या पुष्कळ गाड्या आपल्याच सभासदांच्या, नाहीतर त्यांच्या मुलांच्या आहेत आणि त्या कर्ज काढून घेतलेल्या आहेत. तेव्हा हा विषय 'ट्रकवाल्यांचा' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

"कागदं आर.टी.ओ.ला दाखवायला असतात," असे सर्रास बोलले जाते. आमचे सांगणे असे, की कागद मालकाची जमीन वाचवतात आणि दिवे व ब्रेक माणसाचा जीव वाचवतात.

१) कागदपत्रे : नोंदणी पुस्तक, विमा, फिटनेस, परमिट, पी.यू.सी. आणि चालकाचा परवाना यांच्या मुदती हंगामापूर्वी एकदा एका कागदावर उतरवून घ्याव्यात. ट्रकचे फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचे मिळते. त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. जुनी गाडी घेणारे नेमके हेच विसरतात. ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणजे ट्रॉलीची झाली, असेही नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते आणि विम्यातही तिचा उल्लेख लागतो. ट्रॅक्टरचा विमा शेतकामासाठी म्हणून उतरवलेला असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने ऊस वाहत असेल, तर अपघातानंतर कंपनी हरकत घेते. तेव्हा पॉलिसी घेतानाच वापर खरा सांगावा.

विम्यातली ही गफलत कुठे भोवते ते पाहा. अपघातात कोणी गेले, की त्याचे वारस मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा लावतात. चालकाकडे योग्य परवाना नव्हता असे सिद्ध झाले, तर कित्येकदा 'कंपनीने आधी रक्कम भरावी आणि मालकाकडून वसूल करावी' असा आदेश होतो. मग वसुली कशातून होणार? गाडीवर आधीच बँकेचा बोजा. राहते ती जमीन.

२) वजन : भाडे टनावर मिळते, म्हणून चार मोळ्या जास्त टाकायचा मोह होतो. तो मोह आम्हीही जाणतो. पण हिशेब करून पाहू. समजा, नोंदणी पुस्तकात भरलेल्या गाडीचे वजन १८,५०० किलो व रिकाम्या गाडीचे ७,००० किलो आहे. मग ऊस भरायचा तो ११,५०० किलो. त्याच गाडीत साडेपंधरा टन भरला, तर चार टन जादा झाला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे याला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये, म्हणजे एकूण २८,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्च निराळा. चार टनांचे भाडे यापुढे काय आहे? शिवाय आपल्याच काट्याची पावती हा जादा वजनाचा लेखी पुरावा असतो, हेही ध्यानात असू द्यावे. ऊस हौदाच्या बाजूने किंवा मागे बेकायदा बाहेर निघालेला असेल, तर त्याला वेगळा २०,००० रुपये दंड आहे. ओझे जास्त झाले, की पाटे तुटतात, टायर फुटतात, चढावर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलते आणि उतारावर ब्रेक लागत नाही. हे कायद्याच्या पुस्तकात पाहायची गरज नाही.

३) दिवे आणि रेडियम : रेडियम पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी व मागे लाल असावी. ट्रॉलीचा मागचा दिवा चालू असावा. पट्टी लावलेली असते, पण वर वाढे लोंबते किंवा चिखल बसतो, मग ती असून नसल्यासारखी. काट्याकडे निघण्यापूर्वी फडक्याने पुसायला दोन मिनिटे लागतात. गाडी रस्त्यात बिघडली, तर लाल त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागे ठेवावा. आपल्याकडे दगड रचतात आणि गाडी हलली तरी ते दगड तिथेच राहतात. रात्री अंधारात मोटारसायकलवरून येणारा पोरगा त्या दगडावर पडतो, नाहीतर दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळतो. तो पोरगा बहुधा आपल्याच गावचा असतो.

दोन ट्रॉल्या जोडताना पिन, तिची खीळ आणि साखळी रोज पाहावी. उसावर तोडणी टोळीची बायका-पोरं बसवू नयेत. मालवाहू गाडीवर प्रवासी म्हणून बसलेल्या माणसाला विम्याचे संरक्षण मिळत नाही.

४) चालक : ट्रकला जड वाहनाचाच परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाचा परवाना ग्राह्य धरला, तो ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरता. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिले होते. हंगामात हे कितपत पाळले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. चालक डुलकी घालवण्यासाठी टेप मोठ्याने लावतो आणि मग मागचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही. झोपेला औषध झोपच. लांबच्या खेपेला दुसरा चालक द्यावा, नाहीतर खेप सोडावी.

येथे आमचाही दोष कबूल केला पाहिजे. गाडीअड्ड्यात नंबर लागेपर्यंत गाडी ताटकळते, चालक रात्रभर हौदाखाली अंग टाकतो आणि काटा झाला, की तसाच पुढच्या फडाकडे पळतो. तोडणीचा प्रोग्रॅम आणि गाळपाची क्षमता यांचा मेळ बसला, तर ही पळापळ कमी होईल. हे काम कारखान्याचे आहे. सभासदांनी त्याचा जाब सभेत जरूर विचारावा.

मात्र आपल्या गाडीचा दिवा आपणच पाहावा लागेल. मोळी टाकण्याआधी गाडीला एक फेरी मारावी आणि टायर, ब्रेक, पिन, दिवे, रेडियम व कागद पाहावेत. ऊस एक दिवस उशिरा गाळला तर वजनात थोडी घट येईल. ती सोसता येते. घरचा माणूस परत आला नाही, तर ती घट कोणत्याही हप्त्यात भरून निघत नाही.