शस्त्रक्रिया, नियोजित : साथकालीन स्थगिती

रुग्णाच्या जीविताला तात्काळ धोका नसल्यामुळे जिची वेळ आगाऊ ठरविता येते, अशा शस्त्रक्रियेस नियोजित शस्त्रक्रिया म्हणतात. मोतीबिंदू, अंतर्गळ, पित्ताश्मरी, सांधारोपण इत्यादींवरील शस्त्रक्रिया या वर्गात मोडतात. तिला ‘ऐच्छिक’ म्हणण्याचा प्रघात दिशाभूल करणारा आहे. निवड वेळेची असते, गरजेची नव्हे. कर्करोगाच्या बहुतेक शस्त्रक्रियाही नियोजितच असतात.

रुग्णालयाची क्षमता केवळ खाटांच्या संख्येने ठरत नाही. भूलतज्ज्ञ, परिचारिका, ऑक्सिजन, रक्तसाठा व श्वसनयंत्रे यांपैकी जे सर्वांत अपुरे, त्यावर ती अवलंबून असते. कोविड-१९ च्या साथीत भूलतज्ज्ञ व श्वसनयंत्रे अतिदक्षता विभागाकडे वळविली गेल्यामुळे खाटा रिकाम्या असतानाही शस्त्रक्रियागृहे बंद ठेवावी लागली. शिवाय संसर्ग झालेल्या रुग्णावरील शस्त्रक्रिया धोक्याची ठरते : २४ देशांतील अशा १,१२८ रुग्णांच्या २०२० मधील पाहणीत तीस दिवसांतील मृत्युप्रमाण २३.८ टक्के आढळले. भारत सरकारने मार्च २०२० मध्ये तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना रुग्णालयांना दिली. साथीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत जगभर सु. २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द अथवा स्थगित होतील, असा अंदाज त्या वर्षी वर्तविण्यात आला होता.

स्थगितीचा भार सर्वत्र सारखा नसतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. परंतु मोठ्या शस्त्रक्रियांसाठी तालुक्यातील अनेक रुग्ण बार्शी वा सोलापूर येथे जातात. बार्शी हे जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापेक्षा जवळ असले, तरी ते सोलापूर जिल्ह्यात मोडते. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास परवाना लागे. ही अट सप्टेंबरच्या आरंभी उठली. त्यामुळे ज्याचे दुखणे तातडीचे ठरत नव्हते, त्याच्यापुढे रुग्णालयाच्या दाराआधी जिल्ह्याची सीमा उभी राहिली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा तुटवडा तीव्र झाला, तेव्हा याच जिल्ह्यातील चोराखळी (ता. कळंब) येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून ऑक्सिजननिर्मिती सुरू केली.

विलंबाने रोगाचे स्वरूपच पालटते. अंतर्गळात आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटतो, अतिपक्व मोतीबिंदूमुळे नेत्रातील दाब वाढतो, तर अर्बुद शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. अशा रीतीने पुढे ढकललेली शस्त्रक्रिया पुष्कळदा तातडीची होऊन, अधिक खाटा व अधिक रक्त मागत, त्याच रुग्णालयात परत येते.