उंदराची चरबी आणि म्हशीची साय

फराळाच्या ताटावर बसून 'एका करंजीनं काय बिघडतं?' असे विचारणारे माणूस घरोघरी असतेच. बिघडते ते लगेच दिसत नाही, इतकेच! पोटात गेलेल्या तुपाचे पचनात तुकडे होतात; शरीर ते पुन्हा सांधते आणि मेद म्हणून साठवते. या सांधकामातला शेवटचा टाका घालणाऱ्या विकराचे नाव भलतेच लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला 'डीगॅट' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

टाका कसा पडतो हे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत यूजीन केनेडी यांनी उलगडले. पण विकर काही हाती लागेना. पेशीच्या पटलात ते असे रुतून बसलेले, की उपसून काढावे तर निकामी व्हावे. चाळीस वर्षे गेली. १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टन संस्थेत रॉबर्ट फरीस यांच्या सहकाऱ्यांनी विकराचा नाद सोडून त्याचा जनुकच शोधायला घेतला. कोलेस्टेरॉल साठवणाऱ्या एका विकराचा जनुक ठाऊक होता. त्याच्याशी तोंडवळा जुळणारा एक जनुक उंदरात सापडला. त्याची नक्कल कीटकाच्या पेशींत घातली, तर त्या पेशी भराभर टाके घालू लागल्या. ओळख पटली! या जनुकाचे बिऱ्हाड उंदराच्या १५ व्या गुणसूत्रावर आहे.

२००० साली हा जनुक नसलेले उंदीर तयार झाले. ते मेदाविना मरतील अशी भीती होती, पण ते चांगले जगले. टाके घालणारे दुसरेही एक विकर असते, हे पुढल्याच वर्षी कळले. शिवाय हे उंदीर चरबीयुक्त खाणे खाऊनही लठ्ठ होईनात.

हेवा वाटला ना? जरा थांबा. त्यांतल्या माद्या व्यायल्या, पण त्यांना दूधच आले नाही. पिले उपाशी मेली. माणसांतही हा जनुक बिघडलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणा अतिसार होतो, हे २०१२ साली दिसून आले. वजन उतरवण्याचे औषध म्हणून या विकराला रोखू पाहणाऱ्यांनाही जुलाबांनीच बेजार केले.

दुधाचा धागा मात्र गोठ्यापर्यंत पोचला. गाईत हाच जनुक १४ व्या गुणसूत्रावर आहे. २००२ साली बेल्जियममधील लिएज येथील मिशेल जॉर्जेस यांच्या गटाने दाखवले, की या विकराच्या साखळीतली २३२ वी कडी लायसिनची असेल तर दूध दाट निघते. ॲलानिनची असेल तर दूध जास्त, पण पातळ. आपल्या देशी गाई तपासल्या, तर बहुतेकींत लायसिनच निघाले, आणि म्हशींत तर दुसरे काही सापडलेच नाही. गवळी वरून पाणी घालतो, ती गोष्ट निराळी.