डॉक्टरांच्या पाटीवरची दुसरी ओळ

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशने पाठोपाठ येतात. या पट्ट्यात उणीव होती ती डॉक्टर घडविणाऱ्या विद्यालयाची. त्यासाठी आमची मुले पहाटेची गाडी पकडून परळला नाहीतर भायखळ्याला जात, किंवा वळकटी बांधून मिरज-नागपूर गाठीत. 2024 साली ही उणीव भरून निघाली. त्या वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रात एकदम दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, आणि त्यांत एक अंबरनाथचे होते. जागा शंभर.

मी याच भागात दवाखाना चालवितो. पूर्वी आईबाप मुलाला घेऊन येत आणि विचारीत, "डॉक्टर, पोराला मेडिकल मिळेल का हो?" आता मेडिकल मिळालेली पोरेच येतात आणि विचारतात, "डॉक्टरकाका, नुसत्या एम.बी.बी.एस.ला कोण विचारतो? जोडीला दुसरी कुठली पदवी घेऊ?" कुणाच्या डोळ्यांपुढे एम.बी.ए. असते, कुणाच्या वकिली, कुणाच्या परदेशातले एम.पी.एच. येथे प्रश्न एम.डी. किंवा एम.एस.चा नाही. ती त्याच विहिरीची पुढची खोली. प्रश्न आहे तो दुसऱ्या शास्त्राचा, दुसरी विहीर खणण्याचा.

त्याआधी थोडे गणित करू. अठराव्या वर्षी प्रवेश मिळाला असे धरा. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. शासकीय महाविद्यालयातला विद्यार्थी असेल, तर एक वर्षाची बंधपत्राची सेवा. पुढे एम.डी.ची तीन वर्षे. मुलगा किंवा मुलगी अठ्ठावीस वर्षांची होते, तोवर घरात पगार येतो तो वडिलांचा. किंवा तोही थांबलेला असतो आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लागलेला असतो. अशा घरात आणखी दोन-तीन वर्षे मागायची, तर ती कशासाठी याचे उत्तर तयार हवे. 'पाटीवर आणखी एक ओळ दिसेल' हे उत्तर पुरेसे नाही.

रोगी मोजणारा डॉक्टर

आमच्या वालधुनी नदीचेच उदाहरण घ्या. ती अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, शिवमंदिराच्या कडेने वाहते आणि उल्हासनगरची दाट वस्ती ओलांडून कल्याणकडे जाते. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात या नदीत कुणीतरी रसायन ओतले. वायू पसरला आणि शेकडो माणसांना धाप लागली, मळमळू लागले, रुग्णालयांत धाव घ्यावी लागली. अशा वेळी समोरच्या माणसाचा श्वास मोकळा करणे हे डॉक्टरचे काम, आणि ते एम.बी.बी.एस.च्या शिक्षणात बसते. परंतु त्या रात्रीनंतर जे प्रश्न उरतात, ते त्या शिक्षणात बसत नाहीत. किती माणसे आजारी पडली? कोणत्या गल्लीतली? सहा महिन्यांनी त्यांतल्या कितींचा खोकला टिकून आहे? ही मोजदाद साथरोगशास्त्राची आहे. दोष कुणाचा आणि भरपाई कुणी द्यायची, हा कायद्याचा प्रश्न. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे 95 कोटी रुपयांचा दंड सुनावला. ते प्रकरण लवादापुढे नेले होते 'वनशक्ती' या पर्यावरण संस्थेने. स्टेथोस्कोप तेथवर पोहोचत नाही.

दुसऱ्या पदवीची गरज अशा ठिकाणी जन्म घेते. याचा महाराष्ट्रातला उत्तम दाखला म्हणजे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. दोघेही नागपूरचे एम.डी.; एक वैद्यकशास्त्राचे, दुसऱ्या स्त्रीरोगशास्त्राच्या. त्यांनी वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत काम केले आणि मग 1984 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची एम.पी.एच. ही पदवी घेतली. तेथून परत येऊन 1986 साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. पुढची गोष्ट आकड्यांची आहे. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची शुश्रूषा घरच्या घरी करायची, असा प्रयोग त्यांनी 39 गावांत केला आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावांचीही नोंद ठेवली. नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा अहवाल 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि 2011 मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात शिरली. केवळ निष्णात डॉक्टर असते, तर बंगांनी काही शे बाळे वाचविली असती. मोजायला शिकलेले डॉक्टर होते, म्हणून सरकारला ती गोष्ट मान्य करावी लागली.

या शिक्षणासाठी आता अमेरिकेला जायलाच हवे असे नाही. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात 1997 पासून एम.पी.एच. शिकवितात. आमच्या लोकलने जाण्याजोगी संस्था हवी, तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. मात्र एक गोष्ट आधीच ऐकून ठेवावी. एम.पी.एच.ने रोगी तपासण्याचा अधिकार तसूभरही वाढत नाही आणि दवाखान्याची फी चार आण्यांनीही वाढत नाही. ज्याला खोलीतल्या एका रोग्यापेक्षा खोलीबाहेरच्या हजारांची काळजी लागली आहे, त्याच्यासाठी ती विद्या आहे.

काळा कोट आणि पांढरा कोट

वकिलीची ओढ अलीकडे फार. तिचे कारणही आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला, आणि तेव्हापासून डॉक्टर मंडळी कायद्याच्या भाषेला बिचकून आहेत. पदवीनंतर एल.एल.बी.ला तीन वर्षे लागतात. पण दोन्ही कोट एकाच वेळी अंगावर चढविता येतील अशी कल्पना असेल, तर मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. हनीराज चुलानी यांचा खटला वाचावा. त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि शल्यक्रियेचा व्यवसाय चालू ठेवून वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलने ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1996 साली न्यायालयानेही कौन्सिलचाच नियम उचलून धरला. वकिली हे पूर्ण वेळेचे काम आहे. एक पाय शल्यगृहात आणि एक न्यायालयात ठेवून ते होणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

म्हणजे डॉक्टरने कायदा शिकू नये काय? अवश्य शिकावा. न्यायवैद्यकाच्या कामात, रुग्णालयाच्या प्रशासनात, आरोग्य खात्यात तो पदोपदी उपयोगी पडतो. फक्त सनद घ्यायची झाली, तर दवाखान्याला कुलूप लावायची तयारी हवी, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी ठाऊक असावे.

कारभार आणि यंत्रे

आमच्याकडे खाली वीस खाटांचे रुग्णालय आणि वरच्या मजल्यावर डॉक्टर दांपत्याचे बिऱ्हाड, असा संसार पुष्कळ ठिकाणी दिसतो. नवरा-बायको दोघेही आपापल्या कामात वाकबगार. पण औषधांचा साठा, परिचारिकांच्या पाळ्या, विमा कंपन्यांची बिले यांत त्यांची रात्र जाते. अशांच्या मुलांनी रुग्णालय-व्यवस्थापन शिकले, तर ते शहाणपणाचे. टाटा संस्थेत त्याचीही दोन वर्षांची पदवी आहे. आणि अंबरनाथच्या आयुध निर्माणीतल्या कामगाराच्या घरात जो मुलगा लेथ आणि गेजच्या गोष्टी ऐकत वाढला, त्याचे मन औषधांपेक्षा यंत्रांत रमले तर नवल नाही. खरगपूरच्या आय.आय.टी.ने एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला आहे. डॉक्टर-संशोधक घडविण्याचा असाच विचार करून अमेरिकन सरकारने 1964 पासून एम.डी. आणि पीएच.डी.च्या जोडशिक्षणाला पैसा पुरविला.

दोन्ही पदव्या एकाच वेळी का घेऊ नयेत, असेही कुणी विचारतो. 2022 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी वाट मोकळी केली खरी. परंतु व्यावसायिक परिषदांचे नियम तेथे लागू राहतातच. शिवाय वॉर्डातली हजेरी आणि रात्रपाळी सांभाळून दुसऱ्या वर्गात डुलक्या काढणे याला शिक्षण म्हणणे कठीण.

पदवीवाचूनची विद्या

नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार एम.बी.बी.एस., एम.डी. झाले, आणि पुढे त्यांच्या पदव्यांची संख्या विसाच्या घरात गेली असे सांगतात. तो ज्ञानाचा छंद होता आणि अशा छंदाला हिशेब विचारू नये. पण सर्वांना तो परवडत नाही. त्यांच्यासाठी दुसरा आदर्श आहे, डॉ. भाऊ दाजी लाड. 1851 साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला हा डॉक्टर मुंबईत रोगी तपाशी, कुष्ठरोगावर औषध शोधी आणि उरल्या वेळात जुने शिलालेख वाची. आमच्या अंबरनाथच्या शिवालयातील लेखावरही त्यांनी लिहिले आहे. त्यासाठी त्यांनी इतिहासाची कुठलीच पदवी घेतली नव्हती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी तीन प्रश्न विचारतो. असा कोणता रोगी भेटला, की ज्याच्यापुढे तुझे वैद्यक अपुरे पडले? त्याला जे हवे होते ते पुस्तके वाचून, कुणाच्या हाताखाली राहून शिकता येईल, की पदवीच लागेल? आणि ती मिळाल्यावर तू त्या रोग्याकडे परत येणार आहेस काय? तिन्हींची उत्तरे असतील, तर बापाने उसनवार करूनही शिकवावे. पहिल्याचेच उत्तर नसेल, तर घाई करू नये. उल्हासनगरच्या कॅम्पात किंवा बदलापूरच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर वर्ष-दोन वर्षे रोगी तपासावेत. कोणते शास्त्र शिकायचे राहिले आहे, ते तेथली माणसेच दाखवून देतात.