विश्लेषण : रिमोटवरच्या विमानाचा ‘सिग्नल’ नेमका कुठे हरवतो?

वळण घेत असलेले मॉडेल विमान अचानक रिमोटला दाद देईनासे होते आणि काही सेकंदांत जमिनीवर आदळते. उडवणाऱ्याच्या तोंडून पहिले वाक्य निघते, ‘सिग्नल गेला!’ मग संशय मोबाइल टॉवरवर, शेजारच्या वाय-फायवर किंवा ‘स्वस्तातल्या’ ट्रान्समीटरवर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा विमानाच्या पोटातच असतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रसैनिक आणि हौशी मंडळी यांच्यासाठी हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. वेगाने येणारे दोन किलो वजनाचे, फिरत्या प्रोपेलरचे विमान एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच हा दोष कसा शोधायचा, हे समजून घ्यायला हवे.

हे नियंत्रण चालते कसे?

हातातला ट्रान्समीटर स्टिकची स्थिती रेडिओ लहरींतून पाठवतो. विमानातला रिसीव्हर ती ओळखतो आणि पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या सर्व्हो मोटरना, तसेच इंजिनाला आदेश देतो. ‘बाइंडिंग’ केल्यावर रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो. या साखळीतला एकही दुवा निखळला, तरी जमिनीवरून पाहणाऱ्याला सारखेच दृश्य दिसते : विमान ऐकत नाही. त्यामुळे ‘सिग्नल गेला’ हे निदान नसून फक्त लक्षण आहे.

२.४ गिगाहर्ट्झने काय बदलले?

पूर्वी अमेरिकेत ७२, तर ब्रिटन आणि युरोपात ३५ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जाई. एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले, तर अपघात जवळजवळ ठरलेला. म्हणून मैदानावर फळा असे आणि आपल्या चॅनेलची खूण लावल्याशिवाय कोणी ट्रान्समीटर सुरू करत नसे. साधारण २००५-०६ पासून २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रणा रुळल्या. त्या सिग्नल विस्तृत पट्ट्यात पसरवतात किंवा सेकंदाला अनेकदा चॅनेल बदलतात. त्यामुळे ही टक्कर जवळपास संपली.

मात्र एक सोयही गेली. जुन्या यंत्रणेत सिग्नल क्षीण झाला की सर्व्हो थरथरत आणि धोक्याची सूचना मिळे. नवी डिजिटल यंत्रणा चुकीचे संदेश गाळून टाकते. शेवटपर्यंत सगळे सुरळीत वाटते आणि मग संपर्क एकदम तुटतो. म्हणूनच उड्डाणापूर्वीची चाचणी आता अधिक महत्त्वाची ठरते.

अँटेनाची जागा इतकी महत्त्वाची का?

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. रिसीव्हरच्या साध्या अँटेनात लहर पकडणारा भाग म्हणजे टोकाची जेमतेम ३१ मिलिमीटर उघडी तार. उरलेली केबल फक्त सिग्नल वाहून नेते. हे टोक तुटले, दुमडले किंवा बॅटरीमागे दडले, तर पल्ला झपाट्याने घटतो. कार्बन फायबर ही लहर अडवते. त्यामुळे कार्बनच्या सांगाड्यात अँटेनाचे टोक बाहेर काढावे लागते. थर्माकोल किंवा बाल्सा लाकडाची अशी अडचण नसते.

अँटेनाच्या टोकाच्या सरळ दिशेत सिग्नल सर्वांत कमी असतो. म्हणून रिसीव्हरला दोन अँटेना असतील, तर ते एकमेकांशी काटकोनात बसवतात. विमान कसेही वळले, तरी एक तरी अँटेना अनुकूल राहतो. ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोकही विमानाकडे रोखू नये. अनेक नवशिके नेमके तेच करतात.

वीज कमी पडली तर?

हा सर्वांत फसवा दोष. सिग्नल उत्तम असतो, पण रिसीव्हरच क्षणभर बंद पडतो. कलाबाजी करताना तीन-चार सर्व्हो एकदम जोर लावतात आणि व्होल्टेज खाली येते. अनेक रिसीव्हर सुमारे ३.५ व्होल्टखाली काम थांबवतात. वीज परत आल्यावर पुन्हा जोडणी व्हायला लागणारा वेळ खाली येणाऱ्या विमानाला परवडत नाही.

इलेक्ट्रिक विमानात रिसीव्हरला वीज देणारे ‘बीईसी’ सर्किट बहुधा मोटरच्या स्पीड कंट्रोलरमध्येच असते. ते साध्या लिनियर प्रकारचे असेल, तर जादा व्होल्टेज उष्णतेत जाते. ११.१ व्होल्टच्या बॅटरीतून ५ व्होल्टवर १ अँपिअर घेतला, की ६.१ वॉट उष्णता तयार होते. बंदिस्त पोटात ते तापून बंद पडू शकते. मोठे सर्व्हो असतील, तर स्वतंत्र स्विचिंग बीईसी किंवा रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी हा खात्रीचा उपाय.

दोष नेमका कसा ओळखायचा?

संपर्क कधी तुटला, हे आठवून पाहावे. ठरावीक अंतरावर किंवा विमान ठरावीक बाजूला वळल्यावरच तुटत असेल, तर अँटेना तपासावा. पूर्ण थ्रॉटल देताना किंवा जोरदार वळणावर तुटत असेल, तर वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा. कसलाच नेम नसेल, तर सैल कनेक्टर, खराब स्विच आणि कंपनांमुळे तुटलेल्या तारा पाहाव्यात. वीज जाऊन परत आल्यास काही रिसीव्हरवरचा दिवा लुकलुकत राहतो. अपघातानंतर बॅटरी काढण्यापूर्वी तो पाहणे म्हणजे निम्मे निदान. टेलिमेट्री असेल, तर व्होल्टेज आणि सिग्नलची नोंदही मिळते.

रेंज चाचणी कशी करतात?

बहुतेक ट्रान्समीटरमध्ये शक्ती मुद्दाम घटवण्याची सोय असते. विमान लाकडी टेबलावर ठेवावे. जमिनीवर किंवा गाडीच्या टपावर ठेवल्यास निकाल फसवा येतो. सहकाऱ्याने विमान पक्के धरावे आणि उडवणाऱ्याने माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरापर्यंत, साधारण ३० पावले, चालत जावे. प्रत्येक सर्व्हो विनाअडथळा हलायला हवा. विमानाची दिशा बदलून हेच पुन्हा करावे. मग मोटर चालू ठेवून चाचणी घ्यावी. या वेळी सहकाऱ्याने प्रोपेलरच्या मागे राहावे. मोटर चालू असताना पल्ला बराच घटला, तर विद्युत गोंगाट किंवा व्होल्टेजची घसरण हे कारण असते. चाचणीनंतर पूर्ण शक्ती परत आल्याची खात्री करावी.

ट्रान्समीटरची शक्ती वाढवली तर?

अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. त्यामुळे बूस्टरचा मोह होतो. पण लपलेला अँटेना किंवा अशक्त बीईसी त्याने सुधारत नाही. शिवाय भारतात २००५च्या नियमांनुसार २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो, तो मर्यादेतच : ट्रान्समीटरची शक्ती कमाल १ वॉट आणि अँटेनाचा परिणाम धरून प्रसारित शक्ती ४ वॉट. ड्रोन नियम, २०२१ नुसार मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचे असते. तेवढ्या अंतरासाठी नीट बसवलेली साधी यंत्रणाही पुरते.

तरीही सिग्नल गेलाच तर?

शेवटचा आधार ‘फेलसेफ’. संपर्क तुटल्यावर विमानाने काय करायचे, ते यात आधीच ठरवलेले असते. मोटर बंद व्हायलाच हवी. काही रिसीव्हर सेटिंग केले नसल्यास शेवटचाच आदेश धरून ठेवतात; तसे झाले, तर चालू मोटरचे विमान वस्तीपर्यंत जाऊ शकते. तपासणी सोपी आहे. प्रोपेलर काढावा, मोटर हळू चालवावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबली नाही, तर त्या दिवशी ते विमान उडवू नये. मोटर बंद पडलेले विमान जवळपास कोसळून मोडेल, पण मैदानापलीकडच्या रस्त्यावरचा माणूस सुरक्षित राहील.