खोकला नसलेल्यांचा फोटो

परभणी सोडून गाडी पूर्णेकडे निघाली की वाटेत पिंगळी लागतं. इथल्या माणसाला छातीचा ‘फोटो’ काढायचा तर परभणी गाठायची, हा आजवरचा शिरस्ता. अंतर फार नाही. पण जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, रांगेत ताटकळायचं आणि सोबत कुणाला तरी न्यायचं. खोकून खोकून मेटाकुटीला आलेला माणूस हे सगळं करतो. ज्याला खोकलाच नाही, तो कशाला करील?

क्षयरोगाची गोम इथेच आहे. २०१९ ते २०२१ या काळात आपल्याकडे क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी झाली. घरोघरच्या १५ वर्षांवरील लोकांना लक्षणं विचारली आणि त्यांच्या छातीचे एक्स-रेही काढले. नुसती लक्षणं विचारून थांबले असते, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. म्हणजे शंभरातले बेचाळीस-त्रेचाळीस जण शेतात राबत होते, लग्नाच्या पंगतीत बसत होते, आणि आपल्या छातीत काही चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांच्या आधी ते एक्स-रेला कळलं.

आता हा एक्स-रे पाठीवरच्या बॅगेतून गावात येऊ शकतो. दिसायला जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यासारखं यंत्र, वजन साडेतीन किलोच्या आसपास, आत लिथियमची बॅटरी. या एवढ्याशा डब्यात जे घडतं ते थक्क करणारं आहे. छातीच्या फोटोला साधारण ७० हजार व्होल्टचा दाब लागतो, म्हणजे आपल्या घरातल्या विजेच्या तीनशे पट. त्या दाबाने इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात. त्यांच्या ऊर्जेतला जेमतेम एक टक्का क्ष-किरण होऊन बाहेर पडतो, बाकीची सगळी उष्णता! म्हणून एक फोटो झाला की यंत्राला दम खाऊ द्यावा लागतो. परभणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माणसाच्या दुसऱ्या बाजूला एक सपाट पाटी असते. तिच्यावर क्ष-किरण पडले की आतला सिझियम आयोडाइडचा थर क्षणभर उजळतो, तो उजेड विजेच्या संकेतांत बदलतो आणि काही सेकंदांत लॅपटॉपवर फासळ्या उमटतात. फिल्म नाही, अंधारखोली नाही. एका फोटोतून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला जमिनीतून आणि आकाशातून एरवीही काही दिवसांत मिळतो तेवढाच. दिवसभर फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाचा हिशेब मात्र निराळा. त्याला शिशाचा अॅप्रन लागतो, आणि शक्य तिथे अंतर. दुप्पट लांब उभं राहिलं की मारा चौथाईवर येतो.

खेड्यात एक्स-रे येण्याची ही पहिली खेप नव्हे. १९५५ ते १९५८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर पाहणी केली, तेव्हाही यंत्रं गाड्यांवर चढवून गावोगाव नेली होती. पद्धत ब्राझीलच्या मानुएल दे आब्रेऊ या डॉक्टरची, १९३६ची. चकाकत्या पडद्यावर पडलेल्या छातीच्या सावलीचा छोट्या फिल्मवर फोटो घ्यायचा, म्हणजे स्वस्तात हजारो माणसं तपासून होतात. तोवर क्षय म्हणजे गिरण्यांचा, चाळींतल्या कोंदट खोल्यांचा रोग असं जाणकारही धरून चालले होते. फिल्म धुऊन पाहिल्या तर खेड्यांतही तो जवळपास शहराइतकाच!

एवढी कामाची गाडी पुढे थांबली ती थांबलीच. गाड्या बिघडायच्या, खर्च परवडेना, आणि फिल्म वाचून निकाल लागेपर्यंत माणूस कुठे गेला याचा ठिकाणा नसायचा. शिवाय वाचणाऱ्यांचीच एकवाक्यता नव्हती. १९४० च्या दशकात अमेरिकेत तपासून पाहिलं, तर कसलेले डॉक्टरही दोष असलेल्या फिल्मांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक नजरेआड करत होते. तीच फिल्म काही काळाने पुन्हा दाखवली तर स्वतःशीच असहमत! अखेर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९७४ मध्ये सरसकट छाती तपासत फिरणाऱ्या गाड्या बंद कराव्यात असा सल्ला दिला. त्याच संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांचे फोटो वाचायला संगणक चालेल म्हटलं. असे फोटो वाचणारी एक नावाजलेली कंपनी, क्युअर डॉट एआय, आपल्या मुंबईची आहे. २०१६ मध्ये सुरू झालेली.

समजा, पिंगळीत शाळेच्या व्हरांड्यात असं शिबिर मांडलं. संगणक कितीही हुशार असला तरी फोटो आधी धड निघायला हवा, आणि तिथे कसब माणसाचंच. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या वरच्या भागात घर करतात, कारण तिथे त्यांना प्राणवायू भरपूर मिळतो. नेमकी तिथेच बाईची वेणी रुळत असते. जाड, तेल लावलेली वेणी फोटोत फिकट डागासारखी उमटते आणि बघणारा फसतो. मंगळसूत्राचे मणी, ताईत, शर्टाचं बटण, सगळ्यांच्या सावल्या पडतात. म्हणून वेणी डोक्यावर बांधायची, मंगळसूत्र काढायचं नसेल तर निदान वर तोंडात धरायचं. खांदे पुढे, म्हणजे पाठीची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग ‘श्वास भरून घ्या… धरून ठेवा… सोडा.’ श्वास अर्धाच भरला तर फुप्फुसं आक्रसलेली दिसतात आणि निरोग्याच्या छातीतही धुकं भासतं. तिरकं उभं राहिलं तरी तीच गत. म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येत असेल, तर या तीन सूचना त्याला कशा समजवायच्या याचं सॉफ्टवेअर अजून निघायचंय.

फोटो नीट आला की संगणक रंगीत ठिपक्यांनी संशयाची जागा दाखवतो आणि एक आकडा देतो. हा आकडा फक्त संशयाचा, रोगाचा नव्हे. किती आकड्याच्या वर माणसाला पुढच्या तपासणीला धाडायचं, ती रेघ मात्र माणसं आखतात. जरा हिशेब करू. पाहणीप्रमाणे १५ वर्षांवरील लाखामागे सुमारे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय होता, म्हणजे हजारात तीन. अशा चाळणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी की शंभर रोग्यांतले ९० तिने पकडावेत आणि शंभर निरोग्यांतल्या ७० जणांना सोडून द्यावं. ही कसोटी हजार माणसांना लावली, तर ते तीन बहुधा सापडतील. पण त्यांच्याबरोबर सुमारे तीनशे धडधाकट माणसांवरही बोट ठेवलं जाईल. शंभर संशयितांत खरा रोगी एक! त्या तीनशेंत कुणाचा क्षय दहा वर्षांपूर्वीच बरा झालेला असेल. रोग गेला तरी व्रण राहतो, आणि एका फोटोवरून जुना व्रण की नवा घाव हे सांगणं मुरलेल्या डॉक्टरलाही जड जातं.

म्हणून हल्ली सरसकट सगळ्या गावाऐवजी आधी जोखमीची माणसं वेचतात: घरात रुग्ण असलेले, पूर्वी क्षय होऊन गेलेले, मधुमेही, साठी ओलांडलेले, विडी-सिगारेट ओढणारे, अंगावर मांस नसलेले. रोग दाट असेल तिथे तीच चाळणी एकदम शहाणी वाटू लागते. ७ डिसेंबर २०२४ ला देशातल्या ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या १०० दिवसांच्या मोहिमेत हेच धोरण होतं, आणि हातातली यंत्रंही होती.

संशयिताचा निवाडा होतो तो बेडक्यावर. लाळ चालत नाही. छातीतून, खोलातून आलेला बेडकाच लागतो. त्यातल्या जंतूची जनुकं शोधणारं ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या मोलबायोचं. बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं, आणि जंतू सापडला तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही पुढच्या चाचणीत सांगतं. एकेकाळी काचपट्टीवर डोळे ताणून जंतू मोजायचे, त्यापुढे ही झेप केवढी!

पण अडचण बघा. आपण शोधायला निघालो ते खोकला नसलेल्यांना. ज्याला खोकला नाही, त्याच्याकडे बेडका कुठला? आशाताई डबी देऊन सांगते, ‘काका, सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन काढा.’ काका दुसऱ्या दिवशी डबीत थुंकी आणून देतात, चाचणी निरंक येते, आणि फोटोतला डाग आहे तिथेच राहतो. मग मोठ्या दवाखान्यात मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका सुटतो का बघायचं, किंवा काही आठवड्यांनी पुन्हा फोटो काढून डाग वाढला का ते ताडायचं. दोन्हींसाठी पुन्हा परभणीचीच वाट. बॅगेतल्या यंत्राने पहिली खेप वाचवली, दुसरी नाही. माझ्या मते शिबिराचं यश किती फोटो काढले यावर मोजूच नये. बोट ठेवलेल्यांपैकी किती जण शेवटच्या उत्तरापर्यंत पोचले, तो आकडा फलकावर लावावा.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरची. ती १०० दिवसांची मोहीम डिसेंबर ते मार्च चालली. मराठवाड्यात हेच ऊसतोडीचे दिवस. गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर या काळात कितीतरी घरांना कुलूप असतं. जोडपी कोयता घेऊन, पोरांसकट, टोळीबरोबर कारखान्यांवर गेलेली असतात. उसाच्या पाचटाच्या कोपीत दाटीवाटीने राहणारी, अपुरं खाणारी, पहाटेपासून राबणारी ही माणसं जोखमीच्या यादीत वर असायला हवीत. शिबिर येतं तेव्हा ती गावात नसतात, आणि गावात येतात तेव्हा शिबिर नसतं.

यंत्र साडेतीन किलोचं आहे म्हटल्यावर ते फडावरही नेता येईल. मुकादमाला आधी गाठलं, तर पहाटे टोळी फडात उतरण्यापूर्वी तासाभरात बरीच माणसं तपासून होतील. एखाद्याला रोग निघालाच, तर क्षयरुग्णांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवरचा त्याचा क्रमांक जिल्हा बदलला तरी तोच राहतो. उपचार कोल्हापुरात सुरू करून हंगाम संपल्यावर उरलेल्या गोळ्या गावाकडच्या आरोग्य केंद्रातून घेता येतात. महिन्याला हजार रुपयांची पोषणाची मदतही त्याच नोंदीवर मिळते, फक्त बँक खातं चालू हवं.