कंपवातातला विसर

दुपारी ओसरीवर टेकलेले आबाजी सुनेला म्हणतात, ‘‘त्या पोरांना पाणी दे.’’ ओसरीवर कुणीच नसतं. सकाळी मात्र कापसाचा हिशेब त्यांनी बरोबर सांगितलेला असतो. आठ-दहा वर्षं कंपवात असलेल्या घरात हे दिसू लागलं, की ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

कंपवातात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साचतात. फ्रेडरिक लेवी यांनी 1912 साली त्यांचं वर्णन केलं. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेल्या, की हात थरथरतो, चाल मंदावते. पुढे ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशीही जातात. मग लक्ष टिकत नाही, कामाची आखणी जमत नाही, नसलेलं दिसतं.

या ॲसिटिलकोलिनशी यवतमाळची ओळख फार कडू आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना इथे शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली फवारणीची औषधं ॲसिटिलकोलिन तोडणारं विकर बंद पाडतात. ते रसायन बेसुमार साचतं. लाळ गळते, घाम फुटतो, श्वास कोंडतो.

कंपवातातल्या स्मृतिभ्रंशावरचं रिव्हास्टिग्मिन त्याच विकराला रोखतं, पण मोजून-मापून आणि काही तासांपुरतं. उरलंसुरलं ॲसिटिलकोलिन त्यामुळे जास्त वेळ टिकतं. आजार मागे फिरत नाही. काहींना बऱ्यापैकी उतार पडतो. मळमळ, उलट्या होऊ शकतात, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. कातडीवर चिकटवायची पट्टीही मिळते.

आता उलट बाजू. विषबाधेवर देतात ते ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिनचा परिणाम अडवतं. थरथरीवरची ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीवरच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या हेच करतात. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ त्यांनी वाढतो. भास थांबवायला हॅलोपेरिडॉल दिलं, तर अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं.

गोंधळ एक-दोन दिवसांतच उसळला, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि मे महिन्यात पाणी कमी पडणं तपासून घ्या. कंपवातावरचं लेव्होडोपा मनाने बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, दुकानातून सहज आणलेलीसुद्धा. पुष्कळदा नवी गोळी सुरू करण्याआधी एखादी जुनी बंद करावी लागते.